कँटरबरी : महामंदिर आणि त्याखालचे तळघर

विलायतेस जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर चार पाने प्रवासवर्णन लिहावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. ती पाळण्याचा आमचा विचार नव्हता. संपादक मंडळाने सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेखाची मागणी केली, तेव्हा आम्ही मंडळाच्या जुन्या दिवसांच्या आठवणी लिहाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या आठवणी आमच्यापेक्षा अधिकारी व्यक्तींनी याच अंकात लिहिल्या आहेत. आम्ही मात्र वाचकांना एका परक्या नगराचा इतिहास सांगणार आहोत. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत इंग्लंडातील नगराचे काय काम, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी आशा आहे.

आमची भाची सहकुटुंब लंडनजवळ राहते. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तिकडे गेलो होतो. एका रविवारी तिने आम्हांस कँटरबरीस नेले. लंडनहून आगगाडीने तासाभराचे अंतर. केंट परगण्यातील स्टावर नावाच्या लहानशा नदीकाठचे हे गाव तसे आटोपशीर आहे. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाहून फार मोठे नाही. परंतु जुन्या तटबंदीचे अवशेष, चौदाव्या शतकातील वेस्टगेट नावाची दगडी वेस, अरुंद गल्ल्या आणि या सर्वांवर मान उंच करून उभे असलेले कॅथीड्रल, म्हणजे आर्चबिशपचे पीठ असलेले महामंदिर, हे पाहिल्यावर या गावाने आपल्या आकाराहून कितीतरी मोठा इतिहास पोटात घातला आहे, याची खूण पटते.

रोमन लोकांच्या काळी येथे डुरोव्हर्नम नावाचे नगर होते. रोमन गेले, सॅक्सन आले आणि केंटचे राज्य उदयास आले. सहाव्या शतकाच्या अखेरीस तेथे एथेलबर्ट नावाचा राजा राज्य करीत होता. तो जुन्या देवतांचा उपासक. त्याची राणी बर्था ही समुद्रापलीकडील फ्रँक राजघराण्यातील कन्या, आणि ख्रिस्ती. सासरी गेल्यावरही तिला आपल्या धर्माप्रमाणे उपासना करू द्यावी, ही विवाहाची अटच होती. तिच्यासोबत तिचा एक धर्मगुरू आला आणि गावाच्या पूर्वेस सेंट मार्टिनच्या लहानशा देवळात राणीची प्रार्थना होऊ लागली. ते देऊळ आजही उभे आहे व वापरात आहे. इंग्रजी भाषिक जगातील सर्वांत जुने चालते देऊळ म्हणून त्याची ख्याती आहे. पोप ग्रेगरीने रोमहून धर्मप्रसारार्थ पाठविलेला ऑगस्टीन नावाचा साधू इ. स. ५९७ मध्ये सुमारे चाळीस सोबत्यांसह येथे आला, तेव्हा त्याला पाय टेकण्यास जागा मिळाली ती राणीच्या या देवळात. ऑगस्टीन पुढे कँटरबरीचा पहिला आर्चबिशप झाला. इंग्लंडच्या धर्मपीठाचा आरंभ शोधीत गेल्यास आपण अशा रीतीने एका परदेशी सुनेच्या खाजगी उपासनेपाशी येऊन पोचतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडेल.

सॅक्सन काळातील महामंदिर १०६७ मध्ये आगीत भस्मसात झाले. नॉर्मन विजयानंतर १०७० मध्ये आर्चबिशप झालेल्या लॅनफ्रँकने ते नव्याने उभारले. बांधकामासाठी लागलेला फिकट पिवळसर दगड नॉर्मंडीतील कां येथून समुद्रमार्गे आणविला. परंतु कँटरबरीचे नाव युरोपभर गेले ते वास्तूमुळे नव्हे, एका हत्येमुळे. दुसऱ्या हेन्री राजाचा जिवलग मित्र आणि चॅन्सेलर टॉमस बेकेट हा ११६२ मध्ये आर्चबिशप झाला. आपला माणूस धर्मपीठावर बसला म्हणजे राज्यसत्तेस अडसर उरणार नाही, हा राजाचा होरा होता. घडले उलटेच. गुन्हा करणाऱ्या धर्मगुरूंचा न्याय राजाच्या न्यायालयाने करावा की धर्मपीठाच्या, या प्रश्नावर दोघांचे विकोपास गेले. बेकेट सहा वर्षे फ्रान्समध्ये परागंदा राहिला. समेट होऊन तो परतला, तरी महिनाभरातच, २९ डिसेंबर ११७० रोजी संध्याकाळी, राजाच्या चार सरदारांनी त्याला महामंदिरातच तलवारीने ठार केले.

ज्या जागी तो पडला, ती जागा आम्ही पाहिली. भिंतीवर तलवारींच्या आकाराचे एक आधुनिक शिल्प आहे आणि खाली फरशीवर केवळ टॉमसचे नाव कोरलेले आहे. लोक तेथे येतात आणि आपोआप हळू बोलू लागतात.

११७३ मध्ये पोपने बेकेटला संत म्हणून घोषित केले. ११७४ च्या जुलैमध्ये खुद्द राजा अनवाणी चालत आला आणि त्याने मठवासीयांकडून पाठीवर फटके घेऊन प्रायश्चित्त केले. त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा आग लागली व मंदिराचा पूर्वेकडील गायनमंडप जळाला. तो पुन्हा बांधण्यासाठी फ्रान्समधील सेन्स गावचा विल्यम नावाचा स्थपती नेमण्यात आला. टोकदार कमानींची जी शैली पुढे गॉथिक या नावाने प्रसिद्ध झाली, ती त्याने इंग्लंडात आणली. ११७८ मध्ये तो उंच परांचीवरून खाली कोसळला. काही काळ त्याने अंथरुणावर पडून काम चालविले, पण अखेर मायदेशी परतणे त्याला भाग पडले. त्याचे काम दुसऱ्या एका विल्यमने ११८४ पर्यंत पुरे केले. नावे सारखी असल्याने लोकांनी या दुसऱ्यास ‘इंग्रज विल्यम’ म्हणून ओळखले. हा सर्व वृत्तांत गर्व्हाज नावाच्या मठवासी साधूने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला आहे. १२२० मध्ये बेकेटचे अवशेष तळघरातून काढून वर, सोन्यारत्नांनी मढविलेल्या समाधीत ठेवण्यात आले.

त्यानंतर सुमारे तीन शतके कँटरबरी म्हणजे इंग्लंडातील प्रमुख तीर्थक्षेत्र. सेंट टॉमसचे तीर्थ लहान कुप्यांत भरून लोक गावोगाव नेत. गळ्यात अडकविण्याची पदके विकत घेत. गरीब यात्रेकरूंसाठी नदीवरील पुलापाशी बाराव्या शतकात धर्मशाळा बांधली गेली, ती आजही पाहावयास मिळते. घोड्याच्या मध्यम दुडक्या चालीला इंग्रजीत ‘कँटर’ म्हणतात, तो शब्दही या यात्रेकरूंच्या घोड्यांवरून आला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसरने याच यात्रेच्या वाटेवर नाना जातींची माणसे एकमेकांना गोष्टी सांगत चालली आहेत, अशी कल्पना करून आपले प्रसिद्ध काव्य लिहिले. दरबारात फ्रेंचचा आणि विद्वानांत लॅटिनचा दबदबा असताना त्याने लोकांच्या इंग्रजीत लिहिले, हे आपणां मराठी माणसांस विशेष जवळचे वाटावे. समाधीकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या गुडघ्यांनी चढणाऱ्या भाविकांमुळे मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. त्या पाहताना आमच्या सौभाग्यवतींना पंढरपूरच्या नामदेव पायरीची आठवण झाली आणि त्यांनी चपला काढून हात जोडले. शेजारच्या गोऱ्या बाईंनी कौतुकाने पाहिले.

परंतु पायऱ्या चढून गेल्यावर समाधी नाही. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ती उद्ध्वस्त करविली, सोनेनाणे खजिन्यात जमा केले आणि दोन वर्षांत मठही मोडून टाकला. आज त्या मोकळ्या फरशीवर एक मेणबत्ती तेवढी तेवत असते. यात्रा बंद पडली. यात्रेवर जगणारे गाव एकाएकी पोरके झाले. खानावळी ओस पडल्या आणि घरे रिकामी राहू लागली.

येथपर्यंतचा इतिहास कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडतो. आम्हांस ज्यासाठी लेखणी उचलावीशी वाटली, तो भाग यापुढे आहे.

सोळाव्या शतकात आजच्या बेल्जियमचा आणि उत्तर फ्रान्सचा काही भाग स्पेनच्या राजसत्तेखाली होता. तेथील फ्रेंच बोलणाऱ्या वालून लोकांत प्रॉटेस्टंट पंथ पसरला होता. १५६७ मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने ड्यूक ऑफ आल्बाला फौजेसह तेथे धाडले आणि धरपकड, देहदंड व मालमत्तेची जप्ती यांना ऊत आला. हजारो कुटुंबे समुद्र ओलांडून पळाली. त्यांपैकी काही केंटच्या किनाऱ्यावरील सँडविच या बंदरात स्थिरावली आणि १५७५ च्या सुमारास त्यांतील सुमारे शंभर कुटुंबांना एलिझाबेथ राणीच्या शासनाने कँटरबरीत वसण्याची अनुज्ञा दिली. हे लोक कुशल विणकर होते. ओस पडलेल्या नगराला धंदा हवा होता आणि निराश्रितांना घर हवे होते. दयाबुद्धी आणि हिशेब, दोन्ही त्या अनुज्ञेत होते. १५७२ मध्ये पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची भीषण कत्तल झाल्यावर फ्रान्समधूनही निर्वासितांचे लोंढे आले. त्याच गावात एका चर्मकाराच्या घरी १५६४ मध्ये जन्मलेला क्रिस्टोफर मार्लो तेव्हा शाळकरी वयाचा होता. पुढे नाटककार झाल्यावर त्याने त्या कत्तलीवर नाटक लिहिले.

या परक्यांना नगराने काही अटी घातल्या. त्यांनी आपल्या गरिबांचा भार नगरावर टाकू नये, आपले तंटे आपणच मिटवावेत. त्याप्रमाणे त्यांनी आपल्यातून जबाबदार माणसे निवडली, वर्गणी काढली, विधवांना व अनाथांना पोसले, जन्म-विवाहांच्या नोंदी फ्रेंच भाषेत नेटकेपणाने ठेवल्या. आपल्या मंडळाची जुनी इतिवृत्ते ज्यांनी चाळली आहेत, त्यांना या वर्णनात काही ओळखीचे वाटल्यास नवल नाही. उपासनेसाठी त्यांना जागा मिळाली ती महामंदिराच्या तळघरात. वर आर्चबिशपची इंग्रजी प्रार्थना, खाली विणकरांची फ्रेंच प्रार्थना. हजार वर्षांपूर्वी एका परदेशी राणीस जे मिळाले होते, तेच या परदेशी विणकरांस मिळाले.

अर्थात सर्व काळ सारखा नव्हता. १६३३ मध्ये विल्यम लॉड आर्चबिशप झाला. सर्व राज्यात एकाच पद्धतीची उपासना असावी, हा त्याचा ध्यास. जे परके इंग्लंडात जन्मले, त्यांनी यापुढे आपापल्या वस्तीतील इंग्रजी देवळात गेले पाहिजे, असा हुकूम त्याने काढला. युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. जन्म येथला, अन्न येथले, मग प्रार्थना तेथली कशासाठी? परंतु तळघरातील मंडळींनी ओळखले की नवी पिढी वर गेली म्हणजे खाली केवळ म्हातारे उरतील आणि तेही काही वर्षांपुरतेच. त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, मुदती मागितल्या, चिकाटीने विरोध केला. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यातील झगड्यात लॉड सापडला. त्याच्यावरील आरोपपत्रात परकीयांच्या या मंडळ्यांवर केलेल्या जुलमाचाही समावेश होता. १६४५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तळघरातील फ्रेंच प्रार्थना चालूच राहिली.

१६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतले आणि ह्युगेनॉट निर्वासितांची नवी लाट आली. कँटरबरीतील रेशमी मागांचा खडखडाट त्या शतकात ऐन भरात होता. नदीच्या पुलाला लागून काळ्यापांढऱ्या लाकडी चौकटीची जुनी घरे आहेत, ती विणकरांची घरे म्हणून दाखविली जातात. परंतु अठराव्या शतकात हा धंदा उतरणीस लागला. कारणे दोन. एक म्हणजे अनेक विणकर लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात निघून गेले. दुसरे कारण ऐकून वाचकांस मौज वाटेल. हिंदुस्थानातून जहाजे भरभरून येणाऱ्या छापील सुती कापडाने विलायती स्त्रियांस वेड लावले होते. रेशीम व लोकर विणणाऱ्यांच्या हाकाटीमुळे पार्लमेंटला १७०० आणि १७२१ मध्ये या कापडाविरुद्ध कायदे करावे लागले. तात्पर्य, कँटरबरीच्या फ्रेंच मागांच्या अडचणींत आपल्याकडील विणकराच्या हातोटीचाही थोडा वाटा होता. इतिहासात कोणाची भरभराट कोणाच्या मुळावर येईल, याचा नेम नसतो.

धंदा गेला, तसे लोक पांगले. उरले त्यांची मुले इंग्रज मुलांबरोबर वाढली, त्यांची लग्ने इंग्रज घरांत झाली, आडनावांचे उच्चार बदलले. कोणी हुकूम काढला नाही, कोणी बंदी घातली नाही. लॉडच्या सक्तीने जे साधले नाही, ते सवयीने साधले. एकोणिसाव्या शतकात तळघरातील मंडळी मूठभर उरली. १८९५ मध्ये त्यांच्यासाठी तळघरातीलच एक लहान गाभारा नेमून देण्यात आला. ब्लॅक प्रिन्स या नावाने प्रसिद्ध असलेल्या राजपुत्र एडवर्डने आपल्या विवाहास पोपची परवानगी मिळाली त्याप्रीत्यर्थ १३६३ मध्ये तो स्थापन केला होता.

आम्ही गेलो त्या रविवारी दुपारी त्या गाभाऱ्यात प्रार्थना चालली होती. वर यात्रेकरूंची, शाळकरी मुलांची, छायाचित्रे घेणाऱ्यांची वर्दळ. खाली नॉर्मन काळातील जाड खांबांच्या अंधूक ओळींमधून जाताना अचानक फ्रेंच स्तोत्राचे सूर कानी आले. माणसे थोडीच होती. आम्हांस फ्रेंच येत नाही. दाराबाहेर उभे राहून आम्ही ऐकत राहिलो. तेथील एका वृद्ध स्वयंसेविकेस आम्ही विचारले, “हे किती दिवसांपासून?” त्या म्हणाल्या, “चारशे वर्षांहून अधिक,” आणि पुढे निघून गेल्या. जणू कोणी नदी किती दिवस वाहते, असे विचारले होते.

१९४२ च्या जूनच्या पहिल्या रात्री जर्मन विमानांनी या गावावर बाँबवर्षाव केला. मार्लोचा बाप्तिस्मा झाला त्या देवळाचा केवळ मनोरा उरला, मुख्य रस्त्याचा मोठा भाग राख झाला आणि महामंदिराचे ग्रंथालय कोसळले. परंतु छतावर रात्रभर पहारा देणाऱ्या माणसांनी आगलावे बाँब उचलून खाली फेकले आणि मुख्य वास्तू वाचविली. मध्ययुगीन रंगीत काचा आधीच काढून सुरक्षित ठेवल्या होत्या, म्हणून त्या आज पाहता येतात. वास्तू आपोआप टिकत नाही. कोणीतरी छतावर जागे असावे लागते.

परतीच्या गाडीत आमच्या मनास एक जुनी गोष्ट टोचत होती, ती येथे कबूल केली पाहिजे. आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त या प्रांतात आले. आमचा जन्म येथला, अन्न येथले. या भूमीने आम्हांस काही कमी केले नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या सभेत गणेशोत्सवातील बालनाट्य हिंदीत करावे, असा ठराव आला. मुलांना मराठी संवाद पाठ होत नाहीत, शेजारच्या प्रेक्षकांना समजत नाहीत, ही कारणे होती आणि ती खरी होती. सभेत काही वडीलधाऱ्यांनी विरोध केला. आम्ही त्यांस हट्टी म्हटले. ठराव संमत झाला, तेव्हा वर गेलेल्या हातांत आमचाही हात होता. त्या वर्षी नाटक उत्तम झाले, टाळ्याही पुष्कळ पडल्या. पुढील वर्षी मराठीत करावे, असे कोणी सुचविलेसुद्धा नाही. आज आमचा नातू म्हणतो, “आजोबा, मला मराठी कळते, पण वाचता येत नाही.” हा लेखही त्याला आम्हीच वाचून दाखविणार आहोत. कोणी हुकूम काढला नव्हता. कोणी बंदी घातली नव्हती.

कँटरबरीच्या विणकरांची कथा आपणांस धीर देते की इशारा, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. दोन्ही देते, असे आम्हांस वाटते. ठरलेली जागा, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ यांच्या बळावर थोडी माणसेही एक भाषा चार शतके जागती ठेवू शकतात, हा धीर. परंतु ती भाषा गाभाऱ्यात राहिली. पुलाजवळच्या त्या घरांतून, मागांवरून, मुलांच्या खेळांतून ती निघून गेली, हा इशारा. मंडळ जागा देऊ शकते. भाषा घरातूनच यावी लागते. आणि यजमान प्रांताशी एकरूप होणे व आपली भाषा राखणे यांत विरोध नाही, हेही त्या विणकरांनी दाखवून दिले. त्यांनी त्या नगराला धंदा दिला, कर दिला, पुढे आपली मुलेही दिली. आठवड्यातील एक दुपार तेवढी त्यांनी स्वतःकडे ठेवली.

म्हणून मंडळाच्या या मंगल प्रसंगी आमची एक सूचना आहे. मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी एक तास केवळ मराठी वाचनासाठी राखून ठेवावा. मुलांनी यावे, त्यांच्या आईवडिलांनीही यावे. पुस्तके कपाटांत आहेतच, त्यांवरील धूळ तेवढी झटकावयाची आहे. शिकविण्यास आम्ही स्वतः बसू. पहिला विद्यार्थी आमच्या घरचाच असेल, आणि दुसरा कोणी न आला तरी कुलूप आम्ही उघडूच.

पन्नास वर्षे ही महामंदिरांच्या हिशेबाने फार नव्हेत, परंतु घर सोडून आलेल्या माणसांच्या हिशेबाने थोडीही नव्हेत. ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांस आमचे विनम्र अभिवादन. जे ते पुढे चालवतील, त्यांस आमचे आशीर्वाद.